बारा यार्ड, चौसष्ट वर्षे

१९५८ च्या विश्वचषकात वेल्सचा शिरकाव झाला तो चिठ्ठीच्या जोरावर. पात्रता फेरीत चेकोस्लोव्हाकियाच्या मागे राहून संघ बाद झाला होता. तिकडे इस्राएलच्या वाटेतले तुर्कस्तान, इंडोनेशिया, इजिप्त आणि सुदान वेगवेगळ्या कारणांनी बाजूला झाले होते. एकही सामना न खेळलेल्या संघाला स्वीडनला पाठवणे फिफाला पटेना. मग इतर गटांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघांच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. बेल्जियमने आलेली संधी नाकारली आणि ती वेल्सच्या पदरात पडली.

वेल्सने इस्राएलला दोन्ही सामन्यांत २-० असे हरवले. दुसरा सामना कार्डिफला ५ फेब्रुवारीला झाला. प्रशिक्षक जिमी मर्फी एरवी मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅट बझ्बींचे सहायक. वेल्सच्या या सामन्यामुळे ते युनायटेडसोबत बेलग्रेडला गेले नव्हते. दुसऱ्याच दिवशी परतीच्या वाटेवर युनायटेडचे विमान म्युनिकला कोसळले.

स्वीडनमध्ये संघाने हंगेरीला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे सतरा वर्षांच्या पेलेने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला आणि ब्राझीलने सामना १-० असा जिंकला. वेल्सचा जखमी जॉन चार्ल्स त्या दिवशी खेळू शकला नाही. पुढच्या विश्वचषकासाठी वेल्सला चौसष्ट वर्षे थांबावे लागले.

इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न संघ दुबळा होता असे म्हणून सुटत नाही. लोकसंख्या जेमतेम ३१ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतले पुणे शहर. पण याच देशाने इयान रश, मार्क ह्यूज, नेव्हिल साउथॉल, रायन गिग्ज दिले. हे चौघेही एकाही मोठ्या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात खेळले नाहीत. वेल्स वर्षानुवर्षे उंबरठ्यापर्यंत जात राहिला आणि तिथेच ठेचकाळत राहिला.

१९७७ मध्ये पात्रता फेरीतला स्कॉटलंडविरुद्धचा ‘घरचा’ सामना वेल्सने लिव्हरपूलला खेळला. चेंडूला हात लागला स्कॉटलंडच्या जो जॉर्डनचा, पेनल्टी मिळाली स्कॉटलंडलाच. १९८१ मध्ये स्वान्सीत आइसलंडविरुद्ध आघाडीवर असताना मैदानातले दिवे गेले. दिवे आल्यावर सामना २-२ असा सुटला आणि चेकोस्लोव्हाकिया केवळ गोलफरकाने पुढे गेला. १९८५ मध्ये कार्डिफला पुन्हा स्कॉटलंड, पुन्हा हाताला लागलेला चेंडू, पुन्हा पेनल्टी: १-१. पण त्या रात्री स्कॉटलंडचे व्यवस्थापक जॉक स्टीन यांचा मृत्यू झाला, त्यामुळे वेल्सच्या हळहळीला कोणी फारसा आवाज दिला नाही.

सर्वांत खोल जखम १७ नोव्हेंबर १९९३ ची. जिंकले की थेट अमेरिकेतला विश्वचषक. रुमानियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना पॉल बोडिनची पेनल्टी क्रॉसबारवर आदळली. पुढे रुमानियाच्या रादुचोयूने गोल केला आणि सगळे संपले. त्यानंतर कित्येक वर्षे देशभर बोडिनचेच नाव घेतले गेले, आणि ते अन्यायाचे होते. त्याच सामन्यात साउथॉलसारख्या गोलरक्षकाच्या हातून रुमानियाच्या हाजीचा साधा वाटणारा फटका निसटला होता, याची आठवण मात्र कमी निघते.

ऑगस्ट २०११ मध्ये फिफाच्या क्रमवारीत वेल्स ११७ वा होता. घडी बसवू लागलेले व्यवस्थापक गॅरी स्पीड त्याच नोव्हेंबरात गेले. ख्रिस कोलमन यांच्या हाताखाली संघ सावरला आणि १० ऑक्टोबर २०१५ ला, बोस्नियात ०-२ असा हरूनही, युरो २०१६ साठी पात्र ठरला. कारण त्याच रात्री सायप्रसने इस्राएलला हरवले. १९५८ च्या वेळीही दार इस्राएलच्याच बाजूने किलकिले झाले होते. स्पर्धा १६ वरून २४ संघांची झाल्याचा फायदा नक्कीच झाला. जुन्या नियमांत गटातल्या दुसऱ्या क्रमांकावर बहुधा प्ले-ऑफ खेळावी लागली असती. पण लीलमध्ये बेल्जियमला ३-१ ने नमवून उपांत्य फेरी गाठणाऱ्या संघाला कोणी उपरा म्हणेल, असे वाटत नाही.

५ जून २०२२ ला कार्डिफमध्ये गॅरेथ बेलची फ्री-किक युक्रेनच्या यार्मोलेन्कोच्या डोक्याला लागून जाळ्यात गेली आणि वेल्स कतारला पोचला. तिथे संघाने एकच गोल केला, अमेरिकेविरुद्ध, आणि तोही बेलच्या पेनल्टीवर. इराण आणि इंग्लंडकडून हरून संघ गटात तळाला राहिला. मार्च २०२४ मध्ये युरोसाठीची प्ले-ऑफ पुन्हा कार्डिफलाच झाली. पोलंडविरुद्ध १२० मिनिटांत गोल नाही. शूटआउटमध्ये डॅनियल जेम्सचा फटका श्टेन्सनीने अडवला.