स्किझोफ्रेनियाचं संशोधन एकट्या लॅबला का झेपत नाही?

२००४ साली आलेला 'देवराई' हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर स्किझोफ्रेनिया हा शब्द नवीन नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. मग त्याचं कारण शोधायला एवढा वेळ का लागतोय? मी डॉक्टर नाही, पण सॉफ्टवेअरवाला म्हणून मला यात एक ओळखीचा प्रॉब्लेम दिसतो: सॅम्पल साइझ.

गणित काय आहे?

हा आजार एका जनुकातल्या बिघाडाने होत नाही. शेकडो जनुकीय बदल थोडाथोडा धोका वाढवतात, आणि त्यात परिस्थितीचाही वाटा असतो. समजा, एक बदल निरोगी लोकांच्या जनुक-प्रतींपैकी ५० टक्क्यांत आहे आणि रुग्णांच्या ५१ टक्क्यांत. प्रत्येकी हजार माणसं तपासली, तर नुसत्या योगायोगानेच दीड टक्क्याच्या आसपास फरक पडू शकतो. म्हणजे आपला एक टक्का त्या गोंगाटात बुडाला!

त्यात आपण एकच जागा तपासत नसतो, लाखो जागा तपासतो. म्हणून इथे नियम कडक आहे: योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असेल तरच निष्कर्ष धरायचा. त्यासाठी हजारो रुग्ण लागतात, आणि एवढे रुग्ण कुठल्याच एका हॉस्पिटलकडे नसतात.

डेटा एकत्र केल्यावर काय झालं?

२००९ मध्ये तीन गटांनी आपापला डेटा जोडला. एकेकट्याच्या हाती फारसं ठोस लागत नव्हतं. सुमारे ८ हजार रुग्ण एकत्र आल्यावर सहाव्या गुणसूत्रावरचा, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित भाग स्पष्ट दिसला. पुढे सायकियाट्रिक जिनोमिक्स कन्सॉर्टियमने हेच मोठ्या प्रमाणावर केलं:

- २०१४: ३६,९८९ रुग्ण, १०८ जागा
- २०२२: ७६,७५५ रुग्ण, २८७ जागा

सहाव्या गुणसूत्रावरच्या त्या भागाचा माग काढत २०१६ मध्ये हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमधले संशोधक सी-४ या जनुकापर्यंत पोहोचले. मेंदूतल्या पेशींमधली नको असलेली जोडणी छाटण्याच्या कामात हे जनुक भाग घेतं. छाटणी जास्त झाली तर आजाराचा धोका वाढत असावा, असा त्यातून निघालेला अंदाज. पहिल्यांदाच आकडेवारीतून जैविक यंत्रणेचा धागा हाती आला.

मग पैसा कशाला लागतो?

लोकांना वाटतं, निधी म्हणजे नवीन मशीन. पण इथे खरा खर्च वेगळ्या कामांवर होतो: नमुने गोळा करणं, रुग्णांची रीतसर संमती घेणं, वेगवेगळ्या देशांतला डेटा एका फॉरमॅटमध्ये आणणं, तो सुरक्षित सर्व्हरवर ठेवणं. ही कामं चमकदार नाहीत. 'दोन वर्षांत औषध देतो' असं सांगता येत नाही, म्हणून खासगी कंपन्या यात सहसा पुढे येत नाहीत. अमेरिकेत हा भार मुख्यतः सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने उचलला.

दुसरा मार्ग देणगीचा. उद्योजक टेड स्टॅनली यांच्या मुलाला कॉलेजच्या वयात बायपोलरचा आजार झाला होता. २०१४ मध्ये स्टॅनलींनी मानसिक आजारांच्या संशोधनासाठी ब्रॉड इन्स्टिट्यूटला ६५ कोटी डॉलर जाहीर केले. असा पैसा दीर्घकाळ मिळत राहतो, त्यामुळे संशोधकांना दरवर्षी 'निकाल दाखवा'चं टेन्शन राहत नाही.

कन्सॉर्टियमचे एकत्रित निकाल कुणालाही फुकट डाउनलोड करता येतात. व्यक्तींचा डेटा मात्र परवानगीशिवाय मिळत नाही. ओपन सोर्सची सवय असलेल्यांना ही विभागणी लगेच पटेल.

आपला यात काय संबंध?

या अभ्यासांतले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे, त्यानंतर पूर्व आशियाई. भारतीय अगदीच कमी. एका लोकसमूहावर बसवलेलं धोक्याचं मोजमाप दुसऱ्यावर नीट चालत नाही. मॉडेल ट्रेन केलेल्या कुणालाही हे माहीत असतं. म्हणजे उद्या या डेटावरून काही उपयोगी साधन बनलं, तरी आपल्या लोकांसाठी ते कमी भरवशाचं असेल.

एक गोष्ट स्पष्ट करतो: २८७ जागा सापडल्या म्हणजे रक्त तपासून निदान करता येतं असं नाही. तशी टेस्ट कुणी विकत असेल तर दूरच राहा. सध्याचे उपचार मात्र आहेत आणि अनेकांना त्यांचा उपयोग होतो, त्यामुळे डॉक्टरांकडे जायला संशोधन पूर्ण होण्याची वाट बघू नका. वाट बघायची नाही ती निधी देणाऱ्यांनीही. आपल्याकडचे नमुने आज गोळा व्हायला लागले, तरच पुढच्या यादीत आपण असू.