मुंबई-दिल्ली विमान: साइटवर १ तास २० मिनिटं, तिकिटावर सव्वादोन तास. असं का?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघं ऋषिकेशला निघालो होतो. प्लॅनिंग माझ्याकडे. एका साइटवर मुंबई-दिल्ली अंतर आणि वेळ बघितला: १,१३७ किमी, १ तास २० मिनिटं. त्या हिशोबाने दिल्लीहून हरिद्वारची ट्रेन आधीच बुक केली. मग विमानाचं तिकीट काढायला बसलो, तर प्रवास सव्वादोन तासांचा! परवडणाऱ्या एकाही विमानाने ती ट्रेन मिळणार नव्हती. तिकिटं रद्द केली, पैसे कापले गेले आणि मित्रांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

गंमत म्हणजे साइटचं गणित चुकलं नव्हतं. ते गणित कशाचं आहे, हे मला माहीत नव्हतं.

अंतर कसं काढतात?

साइटकडे दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश असतात. पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरायची आणि हॅवरसाइन सूत्राने दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर काढायचं. कोड जेमतेम दहा ओळींचा. याला ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. रेल्वेने मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली १,३८४ किमी होतात, कारण रूळ वळणं घेत जातात.

मग १,१३७ ला ताशी ८५० किमीने भागायचं. झाला वेळ तयार!

मग तासभर जातो कुठे?

- जमिनीवर: तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. म्हणजे रांग आलीच.
- चढताना-उतरताना: ८५० चा वेग वर गेल्यावरचा. १० हजार फुटांच्या खाली साधारण ताशी ४६० किमीची मर्यादा असते.
- वळसे: विमान ठरलेल्या हवाई मार्गानेच जातं. उतरायला गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालतं.
- वारा: उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. म्हणून लंडनहून मुंबईला येताना सहसा जातानापेक्षा कमी वेळ लागतो. अंतर मात्र तेच.

परदेशी जाताना आणखी एक फसगत

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा, मुंबईहून १० ला निघून दुबईत ११:४५ ला पोचलात, तर प्रवास पावणेदोन नाही, सव्वातीन तासांचा झाला.

मी आता काय करतो?

अंतराच्या साइटवर फक्त अंतर बघतो. वेळ बघायचा तो तिकिटावरचाच. शिवाय फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाकून गेल्या काही दिवसांत ते विमान खरंच किती वाजता पोचलं, हे तपासतो. पुढे ट्रेन किंवा वेगळ्या पीएनआरचं विमान असेल तर बॅग, रस्ता आणि उशीर धरून मध्ये निदान चार तास ठेवतो. वेगळ्या तिकिटावरचं पुढचं वाहन चुकलं, तर भुर्दंड सहसा आपल्यालाच बसतो.

आणि हो, विमानाची वेळ नक्की झाल्याशिवाय ट्रेन बुक करत नाही!