चघळायला काय द्यायचं? आमच्या गटाची चवपरीक्षा

आज आपण चघळण्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आपल्या वर्धा जिल्ह्यात सकाळी चूल पेटायच्या आधी कितीतरी तोंडं चघळायला लागलेली असतात. कुणी खर्रा, कुणी नस, कुणी नुसती सुपारी. पोरं दुकानातलं रुपयाचं च्युइंगगम नाहीतर गोड सुपारीची पुडी. म्हणून आमच्या बचत गटाने मार्च महिन्यातल्या एका बैठकीत एक वेगळाच विषय घेतला. दहा प्रकारचे चघळायचे पदार्थ आणले, सगळ्या जणींनी चाखले आणि गुण दिले. त्यातून काय कळलं, ते तुम्हाला सांगतो.

हे सुचलं ते आमच्या गटातल्या एका मावशींमुळे. वीस वर्षांपासून त्यांना खर्ऱ्याची सवय. महिना-दोन महिन्यांपासून वरणात थोडं तिखट पडलं तरी त्यांच्या तोंडाची आग व्हायची. आम्ही त्यांना तीन बोटांची तपासणी करायला सांगितली. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायची. निरोगी तोंडात ती आरामात जातात. मावशींची दोनच गेली. दवाखान्यात दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, गालाच्या आतली कातडी कडक होत चालली आहे, हे सुपारीमुळे होतं, खर्रा आजच बंद करा. मावशी घरी आल्या, दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी बैठकीत म्हणाल्या, "सोडतो व माय, पण तोंडात काईतरी पायजेच ना!"

त्या 'काहीतरी'चा शोध म्हणजे ही चवपरीक्षा.

आधी खर्ऱ्याबद्दल दोन शब्द. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. पन्नीत घालून तो घोटतात. आपण सगळा दोष तंबाखूला देतो आणि सुपारीला सोडून देतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाही, तिच्यात तंबाखू नसला तरी, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. म्हणजे पोरांच्या हातातली गोड सुपारीसुद्धा निरुपद्रवी नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मोठ्या माणसांमध्ये साधारण चारातला एक जण तंबाखू या ना त्या रूपात घेतो. पैशाचा हिशेब तर गटातल्या बायांना लगेच कळतो. वीस रुपयांचा एक खर्रा रोज धरला, तर महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३०० रुपये होतात. आमच्या गटात एका बाईची वर्षाची बचत १,२०० रुपये आहे!

आता परीक्षेची पद्धत. पदार्थ कागदी पुड्यांत बांधून त्यांवर आकडे टाकले, म्हणजे नाव बघून कुणी गुण देऊ नये. दोन पदार्थांच्या मध्ये चूळ भरायची आणि चार मुरमुरे खायचे, म्हणजे आधीची चव निघून जाते. लिहिता न येणाऱ्या बायांसाठी चिंचोके घेतले. प्रत्येक पदार्थाला जास्तीत जास्त दहा चिंचोके. तीन गोष्टी बघायच्या : चव कशी आहे, तोंडात किती वेळ टिकते आणि तोंडाची तलफ भागते का. शेवटी सगळ्यांचे चिंचोके मोजून सरासरी काढली.

पहिलं आलं दुकानातलं पुदिन्याचं च्युइंगगम. तोंडात टाकताच सगळ्या खूश. पुदिन्यातल्या मेन्थॉलमुळे तोंडाला गारवा वाटतो. खरं तर तोंड थंड होत नाही. थंडी ओळखणाऱ्या आपल्या नसांना मेन्थॉल फसवतं, जसं मिरची उष्णता ओळखणाऱ्या नसांना भाजल्यासारखं भासवते. पण पाच-सात मिनिटांत चेहरे उतरले. "हे त रबर हाय," एक ताई म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. साखर आणि चव लाळेत विरघळून पोटात जाते आणि मागे उरतो तो न विरघळणारा गोळा. चिंचोके : सहा.

या गोळ्याची गोष्ट मोठी मजेशीर आहे. आपण जो चिकू खातो, त्याच झाडाच्या चिकापासून जुन्या काळी च्युइंगगम करत. चिकूचं झाड मूळचं मेक्सिकोकडचं, तिथले लोक पूर्वीपासून तो चीक आटवून चघळायचे. १८७० च्या सुमाराला अमेरिकेत थॉमस ॲडम्स यांनी या चिकापासून रबर करून बघितलं. ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी त्याचं च्युइंगगम करून विकलं. आपल्याकडे डहाणू-घोलवडला चिकूच्या बागाच बागा आहेत, पण आपण फळ खाल्लं आणि चीक सोडून दिला. आता बहुतेक कंपन्या झाडाचा चीक वापरत नाहीत, कारखान्यात तयार केलेला रबरासारखा पदार्थ वापरतात.

दुसरं पोरांच्या आवडीचं फुगे येणारं गुलाबी बबलगम. याचा रंग गुलाबी का, तर १९२८ मध्ये वॉल्टर डीमर या माणसाने ते तयार केलं तेव्हा त्याच्या हाताशी तेवढाच रंग होता. आमच्या साठीच्या आजींनी जन्मात पहिल्यांदा फुगा केला आणि तो नाकावर फुटला. हसून हसून पोट दुखलं. गुण मात्र चारच, कारण साखर फार आणि दातांना चिकटतं.

तिसरं पानाच्या चवीचं च्युइंगगम. आम्हाला वाटलं होतं, हेच पहिलं येणार. चव खरंच चांगली होती. पण खर्रा खाणाऱ्या तिघी जणी म्हणाल्या, "यानं त आठवण अजूनच येते." ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. सोडलेल्या वस्तूसारखीच चव दिली, तर कुणाला आधार वाटतो आणि कुणाची तलफ उलट चाळवते. चिंचोके : चार.

चौथा बाभळीचा डिंक. लहानपणी बांधावर काढून आपण सगळ्यांनीच खाल्लेला. पण तो चघळत राहता येत नाही, विरघळून जातो. इथे एक फरक समजून घ्या. डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून लाडवात चालतो. चिकूचा चीक पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचं च्युइंगगम होतं. दोन्ही झाडातूनच निघतात, पण जात वेगळी. चिंचोके : दोन.

पाचवे साधे गव्हाचे दाणे. शेतात गहू काढताना मूठभर दाणे तोंडात टाकून चावत राहायचं, पिठूळ भाग गिळला की मागे चिवट गोळा राहतो. हा गव्हातल्या प्रथिनांचा गोळा, ज्याच्यामुळे कणीक ताणली जाते. आपल्या आज्या-पणज्यांचं हे बिनपैशाचं च्युइंगगम. चव फारशी नाही, पण तोंडाला काम पुरेपूर मिळतं. चिंचोके : सहा. त्यात लवंगेचा एक तुकडा टाकला तर सात, असं नंतर ठरलं. लवंगेतल्या तेलाने तोंड जरा बधिर होतं, म्हणून एकाहून जास्त नको.

सहावी वाळवलेली मोहफुलं, बोरच्या जंगलाकडून आणलेली. मनुकांसारखी गोड आणि चिवट. काहींनी नऊ-नऊ चिंचोके टाकले. पण एका ताईंनी पुडी हुंगली आणि शून्य देऊन बाजूला सारली. त्यांच्या घरात दारूने काय केलं, ते गटाला माहीत आहे. आपला जिल्हा दारूबंदीचा, तरी तो वास कोणत्या घरात पोचला नाही? आम्ही त्यांना समजवायला गेलो नाही. शून्य तर शून्य. सरासरी आली पाच.

सातवं भाजलेलं हळकुंड, आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीचं. या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा अभिमानाने ठेवलं. खोकल्याला ठीक, पण चघळायला कडू आणि दात पिवळे. चिंचोके : तीन. अभिमान एका जागी, चव एका जागी!

आठवं वाळवलेलं आलं, सैंधव आणि लिंबू लावलेलं. सहा. तोंड आलेल्या बाईने मात्र हे टाळावं, झोंबतं.

नववी आवळा सुपारी. नावात सुपारी आहे, पण हिच्यात सुपारीचा कणही नसतो. आवळ्याचे तुकडे मीठ, जिरं लावून वाळवलेले असतात. आधी आंबट, मग तुरट आणि पाणी प्यायलं की गोड. एकात तीन चवी आणि एक तुकडा बराच वेळ टिकतो. चिंचोके : आठ.

दहावा आणि पहिला आलेला, आपल्या मातीतला जवसाचा मुखवास. चिंचोके : नऊ. करायची रीत अशी. एक वाटी बडीशेप, एक वाटी तीळ आणि पाव वाटी ओवा घ्या. त्याला लिंबाचा रस, सैंधव आणि चिमूटभर हळद चोळून तासभर ठेवा, सावलीत सुकवा आणि मंद आचेवर भाजा. दोन वाट्या जवस वेगळी, कोरडीच भाजा. तडतडली की उतरवा आणि गार झाल्यावर सगळं एकत्र करा. जवसाला आधी लिंबू-पाणी लावू नका, ती बुळबुळीत होऊन गोळा होतो. हाच बुळबुळीतपणा तोंडात मात्र कामी येतो. चावल्यावर जवस तोंडात रेंगाळते, म्हणून चघळल्याचं समाधान मिळतं.

आता तुम्ही विचाराल, दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, ते का नाही ठेवलं? कारण ते औषध आहे, चाखून बघायची वस्तू नाही. तंबाखूतलं निकोटिन त्यात मोजून घातलेलं असतं, म्हणजे तलफ हळूहळू कमी करता येते. ते साध्या गमसारखं भराभर चावत नाहीत. हळू चावायचं, तोंडात चुरचुरलं की गालाशी दाबून ठेवायचं, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचं. किती घ्यायचं आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. आणि हे लक्षात ठेवा, ते तंबाखूच्या तलफेवर चालतं, सुपारीच्या नाही.

लहान मुलांबद्दलही एक सांगतो. च्युइंगगम गिळलं तर आतडं चिकटतं, असं आपण पोरांना भीती घालायला म्हणतो. तसं होत नाही, एखादा गोळा काही दिवसांत शौचावाटे पडून जातो. पण अगदी लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या पोरांना देऊच नका.

मग मावशींचं काय झालं? त्यांनी जवसाच्या मुखवासाची डबी कमरेला खोचली. पहिल्या आठवड्यात दोनदा खर्रा खाल्ला आणि बैठकीत स्वतःच सांगितला. कुणी रागावलं नाही. बोलता बोलता एक गोष्ट कळली. शेतात निंदताना त्यांना थांबायला मिळायचं ते खर्रा खायच्या निमित्ताने. खर्रा सुटला आणि थांबणंही सुटलं. बाई नुसती बसलेली दिसली की कुणीतरी विचारतंच, "काहून बसली व?" आता त्यांच्यासोबतच्या बायांनी ठरवलं आहे, डबी उघडली की सगळ्यांनी पाच मिनिटं बांधावर बसायचं. आम्हाला वाटतं, नऊ चिंचोक्यांपैकी अर्धे या पाच मिनिटांचे आहेत.

त्यांच्या तोंडात अजून दोनच बोटं जातात. कडक झालेली कातडी मुखवासाने मऊ होत नाही, हे आम्ही त्यांना खोटं सांगितलेलं नाही. डॉक्टरांचं औषध आणि तोंड उघडायचा व्यायाम चालू आहे. पण आग कमी झाली आहे आणि परवा त्यांनी वरणासोबत पोळी खाल्ली.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाची तीन बोटांची तपासणी करा. ज्याची बोटं जात नाहीत, ज्याच्या तोंडात पांढरा चट्टा आहे किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे, त्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या दंत महाविद्यालयात दाखवा. सोडायचं मनात असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, पैसे लागत नाहीत. आणि पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही दहा पुड्या बांधा, चिंचोके वाटा. तुमच्याकडे पहिलं काय आलं, ते आम्हाला नक्की कळवा.