कोलेस्टेरॉलची गोळी कुणी घ्यावी, कुणी थांबावे?

भीमजयंतीच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांमध्ये रक्ततपासणी शिबिरे होतात. आम्हीही काही वर्षे ती भरवत आलो आहोत. मंडप, दोन टेबले, रक्त काढायला लॅबचा मुलगा आणि तीन-चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट. फोटो काढले, बातमी दिली, की आपले काम झाले असे आम्हाला वाटायचे. या वर्षी तीन रिपोर्टांनी आम्हाला जमिनीवर आणले.

पहिला रिपोर्ट स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या २६ वर्षांच्या मुलीचा. एलडीएल १४२, शेजारी ठळक अक्षरांत ‘बॉर्डरलाइन हाय’. घरात सगळे घाबरले. तिचे अंडे बंद झाले आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळ्यांचे पाकीटही दिले. दुसरा रिपोर्ट सफाईचे काम करणाऱ्या ५४ वर्षांच्या काकांचा. एलडीएल ११८, कुठेच ठळक अक्षर नाही. मुलाने मोबाईलवर वाचून दाखवले, “पप्पा, तुमचं नॉर्मल आहे.” विषय संपला. काकांना आठ वर्षांपासून शुगर आहे, बीपी आहे, तंबाखूही आहे. तिसरा रिपोर्ट रिक्षा चालवणाऱ्या ३१ वर्षांच्या भावाचा. एलडीएल २०४. अंगाने सडपातळ, काही त्रास नाही. त्याचे वडील ४२ व्या वर्षी छातीत कळ येऊन गेले होते.

या तिघांपैकी काका आणि रिक्षावाला भाऊ या दोघांना गोळीची गरज होती. मुलीला नव्हती. म्हणजे जिचा आकडा १४२ तिला नको आणि ज्यांचा ११८ त्यांना हवी. हे उलटे का, ते आम्हाला एका डॉक्टरांसोबत दोन तास बसल्यावर उमगले.

कोलेस्टेरॉल हे विष नाही. पेशींना आणि संप्रेरकांना ते लागते आणि बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच बनवते. रक्तातून ते वाहून नेणाऱ्या कणांपैकी एलडीएल हे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचतात. हे साचणे वीस-तीस वर्षे चालते आणि तोपर्यंत काहीही जाणवत नाही. चक्कर, मानदुखी, अंग जड होणे यांवरून कोलेस्टेरॉल ओळखता येत नाही. शुगर, बीपी आणि तंबाखू रक्तवाहिनीची भिंत बिघडवतात, म्हणून त्याच एलडीएलचे नुकसान अशा माणसात जास्त होते. गोळी आकड्यासाठी दिली जात नाही. हार्ट अटॅक आणि लकवा टाळण्यासाठी दिली जाते. त्यामुळे ‘आकडा किती’ यापेक्षा ‘या माणसाला येत्या दहा वर्षांत अटॅक यायचा धोका किती’ हा प्रश्न मोठा आहे.

साधा हिशोब करून पाहू. अनेक मोठ्या चाचण्या एकत्र करून निघालेला निष्कर्ष असा, की स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी एलडीएल सुमारे ४० ने उतरले तर अटॅक-लकव्याचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाने घटते. आता काकांसारखी १०० माणसे धरा आणि दहा वर्षांत त्यांतल्या २० जणांना अटॅक येणार असे माना. गोळीने ते २० चे १६ होतील, म्हणजे चार घरे वाचली. त्या मुलीसारख्या १०० जणी घ्या, धोका समजा एकीला. पाचवा हिस्सा तिथेही कमी होईल, पण १०० जणींनी दहा वर्षे गोळी गिळून एक अटॅकही पुरता टळणार नाही. ही माणसे समजण्यापुरती धरलेली आहेत, पण निर्णयाचे गणित हेच आहे. जाहिरातीत ‘वीस टक्के घट’ लिहितात तेव्हा ‘कशाचे वीस टक्के’ हे विचारायला आपल्या समाजशास्त्राच्या वर्गात शिकवले होते. स्वतःच्या रिपोर्टावर ते वापरायचे आम्हाला सुचले नव्हते.

काही ठिकाणी फार चर्चेची गरज नसते. ज्यांना अटॅक किंवा रक्ताची गुठळी होऊन लकवा येऊन गेला, ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली, त्यांनी गोळी घ्यायचीच. एलडीएल १९० किंवा वर असेल तर वय कमी असले तरी घ्यायची, कारण हा बहुधा जन्मजात दोष असतो आणि तो घराण्यात चालतो. जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. पापणीवर पिवळट डाग, टाचेच्या वरची शीर जाड होणे ही त्याची चिन्हे, पण ती नसली तरी दोष असू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या डायबेटीसवाल्यांनाही बहुतेक वेळा गोळी सुचवली जाते. काकांचे ११८ ‘नॉर्मल’ होते ते शुगर नसलेल्या माणसासाठी.

उरलेल्यांसाठी मात्र विचार करावा लागतो, आणि तो डॉक्टरांसमोर बसून करायचा. वय, बीपी, तंबाखू, घरात कमी वयात आलेले अटॅक, किडनीचा आजार हे सगळे मोजले जाते. पाश्चात्त्य तक्ते आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना सुमारे ५९ व्या. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या सूचनांत पहिली लिपिड तपासणी १८ व्या वर्षीच करा असे म्हटले आहे. गोळी सुरू करण्याआधी थायरॉइड तपासून घ्यावे. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढते आणि त्याचा उपचार केल्यावर बरेचदा उतरते. मुलीच्या बाबतीत तेवढीच तपासणी झाली. गर्भधारणेत या गोळ्या सहसा बंद ठेवतात, हे तिच्या वयाच्या कुणाला मेडिकलवाला सांगत नाही.

खाण्याबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या माणसाला दवाखान्यात पहिला सल्ला मिळतो तो ‘मटण-मच्छी सोडा’. आडनाव ऐकून मिळतो की रिपोर्ट पाहून, असा प्रश्न आम्हाला कधी कधी पडतो. भेजा, चरबीचे मटण कमी करावे हे खरेच. पण सुकट, बोंबील, साधी मच्छी, बिनचरबीचे चिकन ही स्वस्त प्रथिने सोडायचे कारण नाही. डालडा, पामतेलात तळलेले फरसाण, बेकरीची खारी हे शुद्ध शाकाहारी पदार्थ एलडीएल वाढवतात. आणि पथ्य कितीही कडक पाळले तरी आकडा साधारण दहा-पंधरा टक्क्यांनीच उतरतो. मुलीला ते पुरेसे आहे. २०४ वाल्या भावाला नाही; त्याला लसूण आणि अर्जुनाच्या सालीवर सोडणे म्हणजे त्याच्या वडिलांची गोष्ट पुन्हा घडू देणे.

काकांची खरी अडचण पुढे आली. त्यांनी अ‍ॅटोरवास्टॅटिन सुरू केली, तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट उतरला आणि त्यांनी गोळी बंद केली. “आता नॉर्मल आलं, मग कशाला?” रिपोर्ट उतरला होता तो गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत जागेवर जातो. दुसरे कारण त्यांनी नंतर सांगितले: पोटऱ्या दुखतात. दिवसभर झाडू आणि ढकलगाडी ओढणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या आधीही दुखत होत्याच, पण आता दोष द्यायला गोळी सापडली.

तक्रार खोटी म्हणून झटकायची नाही. स्नायूदुखी काहींना खरोखर होते, शुगर किंचित वाढू शकते, आणि स्नायू विरघळण्याचा गंभीर त्रास फार क्वचित होतो. लघवी गडद झाली तर लगेच दवाखाना गाठावा. तरीही ब्रिटनमध्ये झालेला सॅमसन नावाचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना चार महिने खरी गोळी, चार महिने बिनऔषधी गोळी आणि चार महिने रिकामी बाटली, असे उलटसुलट क्रमाने दिले. निकाल २०२० मध्ये आला. खऱ्या गोळीने जेवढा त्रास वाढला त्याच्या ९० टक्के बिनऔषधी गोळीनेही वाढला. स्वतःचा तक्ता पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. काकांच्या डॉक्टरांनी गोळी बदलून कमी डोस दिला आहे. ती ते रोज घेतात की नाही, हे त्यांच्या मुलाला विचारावे लागते.

पैशाचेही बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अटॅक आल्यावर अँजिओप्लास्टी होते. अटॅक टाळणारी रोजची गोळी त्या योजनेत बसत नाही. अ‍ॅटोरवास्टॅटिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, सरकारी ओपीडीत विचारावी, नाहीतर जनऔषधी दुकानात जेनेरिक घ्यावी. ब्रँडवर भांडत बसू नये, नागा मात्र पाडू नये.

पुढच्या शिबिरासाठी आम्ही नावनोंदणीच्या कागदावर पाच प्रश्न वाढवले आहेत: शुगर आहे का, बीपी आहे का, तंबाखू-मशेरी-बिडी आहे का, स्वतःला अटॅक किंवा लकवा येऊन गेला का, वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला का. रिपोर्ट मोबाईलवर न पाठवता, डॉक्टर बसवून त्याच मंडपात वाचून द्यायचे ठरले आहे. त्यासाठी शिबिराचा एक दिवस वाढतो आणि डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे काढावे लागतील. त्यावरून मंडळात अजून वाद चालू आहे.

रिक्षावाल्या भावाची गोळी सुरू झाली आहे. त्याच्या दोन बहिणी आणि नऊ वर्षांच्या मुलीचेही रक्त तपासायला दिले आहे. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहेत.