इथंच तर जायचंय!

राज्याच्या वाहतूक पोलिसांचं नोव्हेंबर २०२४ मधलं पत्र एव्हाना सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर यथेच्छ भाजून निघालं आहे. दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं आणि ई-चलानच्या यंत्रात चालक आणि सहप्रवासी यांच्यावरची कारवाई वेगवेगळी नोंदवायची, एवढाच त्याचा मथितार्थ. यात नवा कायदा काहीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने मागच्या सीटला कधी सूट दिलेली नव्हती. हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, ही तरतूदही २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. त्यामुळे आपल्या दृष्टीने बातमी पत्राची नाही. बातमी आहे त्यावर घराघरांतून उमटलेल्या एका वाक्याची: ‘अहो, इथंच तर जायचंय!’

हे वाक्य सगळ्यात जास्त पुण्यात ऐकू येतं, आणि पुणेकर ते नुसतं म्हणत नाहीत, मुद्देसूद मांडतात. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समितीच्या झेंड्याखाली इथे दुचाकी फेरी निघाली, तीही अर्थातच बिनहेल्मेटची. मान दुखते, ऐकू कमी येतं, केस गळतात, असे मुद्दे तेव्हाही होते. पण हुकमाचा पत्ता एकच: कुमठेकर रस्त्यावर, मंडईत, लक्ष्मी रस्त्यावर वेगच कुठे मिळतो? ताशी वीस-पंचवीसच्या वर काटा जात नाही. हेल्मेट हायवेवाल्यांनी घालावं.

युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. फक्त तो चुकीच्या दिशेला तोंड करून उभा आहे.

स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून ते थेट खाली आलं, तर जमिनीला भिडताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास भरतो. गाडी उभी असली तरी. हा वेग गाडीचा नाही, गुरुत्वाकर्षणाचा आहे, आणि गुरुत्वाकर्षण सदाशिव पेठेत काही कमी होत नाही. म्हणजे सिग्नलला उभं असताना मागून कोणी ढकललं आणि तोल जाऊन डोकं दुभाजकाच्या दगडावर आपटलं, तर काटा शून्यावर असला काय आणि पंचविसावर असला काय, कवटीच्या दृष्टीने फार फरक नाही.

उलट बाजूने पाहा. हेल्मेट तपासतात तरी किती वेगाला? युरोपात अनेक वर्षं चाललेल्या ईसीई २२.०५ या मानकात आतल्या डोक्याच्या साच्यासकट हेल्मेट लोखंडी ठोकळ्यावर सोडतात ते सेकंदाला साडेसात मीटर वेगाने, म्हणजे ताशी सत्तावीस किलोमीटर. एक ठोकळा सपाट, दुसरा फुटपाथच्या कडेच्या आकाराचा. म्हणजे या वस्तूची मूळ परीक्षाच मंडईच्या वेगाला होते. ताशी शंभरने कोणी काँक्रीटच्या भिंतीवर थेट धडकला, तर हेल्मेट किती पुरेल याची शाश्वती कोणी देणार नाही. पण तीन पदरी रांगेत घुसताना रिक्षाचा धक्का लागून आडवं होणं, हेच त्याचं हक्काचं काम. ‘हळू जातोय म्हणून नको’ म्हणणारा माणूस, हेल्मेट जिथे सगळ्यात चांगलं चालतं नेमकं तिथेच ते काढून ठेवत असतो.

काम करतं ते बाहेरचं चकचकीत कवच नव्हे, आतला थर्माकोलचा जाड थर. नुसतं डोकं डांबरावर आपटलं की ते दोन-तीन मिलिमीटरांत थांबतं, आणि कवटी थांबली तरी आतला मेंदू पुढे जायला बघतो. थर्माकोल दोन-अडीच सेंटिमीटर दबतो, म्हणजे थांबायला जवळपास दहापट अंतर मिळतं आणि हिसका त्याच प्रमाणात उतरतो. एकदा दबलेला थर्माकोल मात्र परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी भंगारात द्यायचं. आणि पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचतं. तसं घालणाऱ्याने ते पोलिसासाठी घातलेलं असतं.

या विषयात ज्याचं ऐकावं असा एक माणूस होता: हॅरी हर्ट. कॅलिफोर्नियातल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्राध्यापक आणि स्वतः मोटरसायकल चालवणारा. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात मोटरसायकल पडली की त्याची माणसं घटनास्थळी धावायची. तीही सगळी मोटरसायकलची सवय असलेली, कारण चाकाच्या खुणा वाचायला चालवणाऱ्याचीच नजर लागते. असे ९०० अपघात त्यांनी जागेवर जाऊन उलगडले, शिवाय ३,६०० पोलीस अहवाल चाळले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल आजही ‘हर्ट रिपोर्ट’ म्हणूनच ओळखला जातो.

लोकांना वाटत होतं, मोटरसायकलवाला मरतो तो सुसाट वेगामुळे. हर्टच्या हाती आलं ते वेगळंच. अपघाताआधीचा मध्यम वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर आणि प्रत्यक्ष धडकेचा वेग सुमारे ३५. संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत हाताशी असलेला वेळ दोन सेकंदांहून कमी. दोन वाहनांच्या धडकांमध्ये दोन तृतीयांश वेळा चूक दुसऱ्या वाहनाची. आणि आपल्या वाक्याशी थेट भिडणारी नोंद अशी की बहुतेक अपघात छोट्या फेऱ्यांमध्ये झाले: खरेदी, बारीकसारीक कामं, मित्राकडे चक्कर. तेही निघाल्यानंतर फार वेळ न जाता, निघालेल्या जागेच्या जवळच.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी इथे लगेच हात वर करील: आपण फिरतोच जास्त घराजवळ, मग अपघातही तिथेच जास्त होणार, त्यात नवल काय? शंका रास्त आहे. घराजवळचा रस्ता मुळातच अधिक घातक असतो, असं हर्टच्या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. पण आपल्याला तेवढं म्हणायचंही नाही. घराजवळचा रस्ता माफी देत नाही, एवढं पुरे.

हर्टने हेल्मेट न घालणाऱ्यांना कारणंही विचारली. अपघातात सापडलेल्यांपैकी ६० टक्के बिनहेल्मेटचे होते. त्यांतल्या २६ टक्क्यांनी गैरसोय सांगितली, तर ५३ टक्क्यांचं म्हणणं होतं की आपल्याला अपघात होईल असं वाटलंच नव्हतं. हेल्मेटचा वापर सगळ्यात कमी कधी? उकाड्याच्या दिवशी आणि छोट्या फेरीला. लॉस एंजेलिस आणि नारायण पेठ यांच्यात फक्त पार्किंगचा फरक उरला म्हणायचा. मान आणि कान या दोन पुणेरी आक्षेपांचा निकालही याच अहवालात आहे: हेल्मेटमुळे रहदारीचे आवाज हुकल्याचं किंवा बाजूचं दिसेनासं झाल्याचं तपासात आढळलं नाही, आणि हेल्मेटवाल्यांच्या डोक्याबरोबर मानेच्या दुखापतीही कमी निघाल्या. केसांबद्दल हर्टने काही लिहिलेलं नाही.

छोट्या फेरीचा सगळ्यात प्रसिद्ध बळी मात्र त्याच्या चाळीस वर्षं आधीचा. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा टी. ई. लॉरेन्स अरबस्तानच्या वाळवंटातून सहीसलामत परतला आणि १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये टपाल कचेरीतून घरी येताना पडला. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकला गेला, डोक्यावर काही नव्हतं, सहा दिवसांनी गेला. त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हा मेंदूशल्यविशारद होता. हा मृत्यू त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्याने सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला, तो १९४१ मध्ये छापला आणि ब्रिटिश सैन्यात हेल्मेट सक्तीचं झालं.

इथपर्यंत डोक्याचं झालं. पण गल्लीतल्या पडण्यात डोक्याआधी जमिनीला लागतो तो हात. नेहमीचं पडणं असं असतं: वळणावर खडी किंवा कच सांडलेली, समोर कुत्रं आडवं येतं, हँडल किंचित वळलेलं असतानाच उजव्या हाताची बोटं पुढचा ब्रेक आवळतात, पुढचं चाक निसटतं. गाडी आडवी व्हायला सेकंदही लागत नाही आणि माणूस उपजतच तळवा पुढे करतो. तळव्याचं कातडं सोलवटतं, मनगटातलं एखादं चिमुकलं हाड तडकतं आणि पुढे महिनोन् महिने कुरकुरतं. मग गुडघा, कोपर आणि चपलेतला उघडा घोटा. ताशी तीसच्या वेगाने पडलं तरी अंग डांबरावरून चार-पाच मीटर घासत जातं. तेवढ्यात लेगिंग्ज किंवा सुती पॅंट कुठल्या कुठे जाते.

ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम या संशोधिकेने कॅनबेरा परिसरातल्या २१२ पडलेल्या दुचाकीस्वारांचे कपडेच तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुचाकीसाठीचे हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची जोखीम निम्म्याहूनही कमी निघाली, खास पॅंट घातलेल्यांची साधारण निम्मी. जॅकेटचा फायदा त्या मानाने बेताचा. मात्र यातले चौथाईहून अधिक कपडे पडण्याच्या कसोटीला उतरले नाहीत, हेही त्यांनी लिहिलं. महाग म्हणजे मजबूत असं नव्हे. मला त्यातली सगळ्यात उपयोगी नोंद वाटते ती बुटांची: दुचाकीसाठी न बनवलेल्या साध्या, घोटा झाकणाऱ्या बुटांनीही इजा कमी केली.

बायकर मंडळींचा मंत्र असतो, ‘ऑल द गिअर, ऑल द टाइम’. रविवारी ताम्हिणीला निघालेले हे वीर बघावेत: छातीला, पाठीला, कोपराला, गुडघ्याला कवच. तोच वीर सोमवारी सकाळी त्याच गाडीवरून बर्म्युडा आणि स्लिपरवर दूध आणायला निघतो. ‘ऑल द टाइम’ला सकाळचं दूध धरत नसावेत.

त्यांच्यापेक्षा पुण्याच्या मुली शिस्तीच्या. दोन चौक ओलांडायचे असले तरी पूर्ण बाह्यांचा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, डोळे सोडून सगळं चेहऱ्याभोवती करकचून गुंडाळलेला स्कार्फ. उन्हासाठी एवढा जामानिमा रोज, न कंटाळता, कोणत्याही चलानाविना केला जातो. म्हणजे ‘एवढ्याशासाठी कोण घालत बसतंय’ ही सबब खरी नाही. ऊन लागणार याची खात्री असते, रस्ता लागणार याची नसते, इतकंच. त्या हातमोज्यांचं कापड तळव्याकडून दणकट असतं, सनकोटाच्या कोपरांत एकेक पॅड असतं, तर शहरातल्या अस्थिरोग तज्ज्ञांची गर्दी थोडी ओसरली असती. कपडेवाल्यांनी मनावर घ्यावं. बाजार तयार आहे.

मंडईत जाताना कोणी घोट्यापर्यंतचे रायडिंग बूट चढवणार नाही आणि चढवावेत असंही माझं म्हणणं नाही. बांधलेलं हेल्मेट, डिकीत कायमचे पडून राहणारे हातमोजे, बंद बूट आणि ओढणी-पदर खोचलेला, एवढ्यावर बरंच भागतं. साडी गार्ड आपल्या नियमांतच आहे. काही लोक गाडी देखणी दिसावी म्हणून तो काढून टाकतात, त्यांना काय म्हणावं!

आता सरकारलाही दोन शब्द. वळणावर कच सांडणारा ठेकेदार, रस्त्याच्या पातळीखाली गेलेलं चेंबर आणि पावसात गुळगुळीत होणाऱ्या लोखंडी प्लेटा यांचा फोटो काढून कोणाला चलान जात नाही. हेल्मेटच्या दंडाइतकीच तत्परता इथे दिसली असती, तर कृती समितीला निम्मी माणसं मिळाली नसती. पण महापालिका सुधारेपर्यंत डोकं उघडं ठेवायचं, हा निषेधाचा फार महागडा प्रकार झाला. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले. त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. ज्यांच्या हातात ना हँडल, ना ब्रेक आणि बहुधा ज्यांना पडण्याची पूर्वसूचनाही नसते, अशी ही माणसं.

सक्तीने सवय लागत नाही म्हणणाऱ्यांनी व्हिएतनामकडे पाहावं. हनोई आणि हो ची मिन्ह सिटी म्हणजे स्कूटरींचा पूर, वेग आपल्यासारखाच बेताचा, उकाडा आपल्यापेक्षा वाईट. हेल्मेटला तिथे ‘भाताचा कुकर’ म्हणून हिणवत. १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर सक्ती झाली आणि वापर नव्वद टक्क्यांच्या वर गेला. उष्ण हवेला मानवतील अशी हलकी हेल्मेटं तिथे मुद्दाम बनवली गेली, तेही विसरू नये.

आपल्याकडे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. शाळेच्या फाटकाबाहेर पाच मिनिटं उभं राहा, मग तो किती जणांना माहीत आहे ते कळेल.

तेव्हा या रविवारी एक करा. शिवणकामाची टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून आणि कानांच्या वरून घरातल्या प्रत्येक मागे बसणाऱ्याच्या डोक्याचा घेर मोजा आणि तो आकडा घेऊन दुकानात जा. जून २०२१ पासून आयएसआयची खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, त्यामुळे ती खूण पाहून घ्या, फुटपाथवरचं दोनशेचं घेऊ नका. घालून डोकं हलवा. हेल्मेट जागेवर राहून गालांचं कातडं सोबत हललं, तर माप बरोबर. आणि दुकान घराजवळ असलं तरी येताना ते डिकीत ठेवू नका, मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर चढवा, पट्टा लावून.