अतिनील प्रकाश चिपवर

१९६१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून सोडला. पलीकडे ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, अतिनील प्रकाश किंचितसा उमटला. छायाचित्रातला तो ठिपका इतका फिकट होता, की शोधनिबंध छापताना डाग समजून तो काढून टाकला गेला. अरेषीय प्रकाशशास्त्राची सुरुवात या ठिपक्याने झाली. हिरव्या लेसर पॉइंटरमध्येही बहुधा हेच घडतं: आतल्या १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशातून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा तयार होतो.

आता हे काम चिपवर करायचं आहे. मायक्रोमीटरभर रुंदीच्या मार्गिकेत प्रकाश कोंडला, की थोड्या शक्तीतही तो पुरेसा प्रखर होतो. पण संगणक घडवणारं सिलिकॉन इथे निरुपयोगी आहे. दृश्य प्रकाश ते शोषून घेतं. शिवाय तरंगलांबी कमी होते तसा मार्गिकेच्या भिंतींचा खडबडीतपणा अधिक जाचतो. सूक्ष्म कणांवरून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. १६०० वरून ४०० नॅनोमीटरवर आलो, तर २५६ पट!

दुसरी अडचण वेगाची. मूळ आणि नवा प्रकाश पदार्थातून एकाच वेगाने जात नाहीत. त्यामुळे मागे तयार झालेल्या आणि पुढे तयार होणाऱ्या लहरींचा ठेका चुकतो, लेझीम पथकात मागच्या रांगांचा चुकावा तसा, आणि त्या एकमेकींना पुसून टाकतात. उपाय म्हणून लिथियम नायोबेट या पदार्थात दर काही मायक्रोमीटरवर स्फटिकाची ध्रुवता विजेच्या दाबाने उलटी करतात, म्हणजे चुकू लागलेला ठेका पुन्हा जुळतो.

एवढा खटाटोप कशासाठी? अणू आपल्याच रंगाला प्रतिसाद देतात म्हणून. पुण्यातल्या 'आयुका' या संशोधन संस्थेत यटर्बियमच्या आयनावर चालणाऱ्या अचूक घड्याळाचं काम सुरू आहे. हा आयन थंड करायला ३६९.५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. असा प्रकाश मिळवायला प्रयोगशाळेत लेसर, आरसे आणि भिंगं मांडावी लागतात. ती मांडणी चिपवर आली, तर असं घड्याळ प्रयोगशाळेबाहेर नेणं सोपं होईल.

माझ्या मते खरी झुंज पदार्थाशीच आहे. लिथियम नायोबेट अतिनीलच्या उंबरठ्यावरच अपारदर्शक होतं. ॲल्युमिनियम नायट्राइड सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक, पण त्याची अरेषीयता, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी बदलण्याची क्षमता, दुबळी आणि ध्रुवता हट्टी. त्यात स्कँडियम मिसळलं, की ध्रुवता उलटवता येते, अरेषीयताही वाढते. मात्र स्कँडियम जितकं जास्त, तितका अतिनील प्रकाश पदार्थातच अधिक मुरतो.