नाताळची भेट आणि घरातील मुके जीव

नाताळ सण जवळ आला की फराळाच्या ताटाबरोबर फुलांचा गुच्छ किंवा शोभेच्या झाडाची कुंडी भेट देण्याची प्रथा आता आपल्याकडेही रुळली आहे. भेट निवडताना एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही : ज्या घरी ही भेट जाणार आहे, तेथे मांजर किंवा कुत्रा आहे काय? असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो येथे गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हा त्यात बैल व गाढव ह्यांनाही स्थान दिले होते. सणाच्या दिवसांत घरातील मुक्या जीवांची आठवण ठेवणे त्या परंपरेला धरूनच आहे.

यंत्रमागांच्या भिवंडी शहरात चाळीतील घरे लहान असतात. कुंडीसाठी जागा उरते ती खिडकीत, आणि मांजराची आवडती जागाही तीच!

सर्वाधिक धोका लिलीचा आहे. संत योसेफाच्या हाती दिसणारे हे फूल पावित्र्याचे प्रतीक मानले जाते. परंतु खऱ्या लिलीचे पान, पाकळी, अंगावरून चाटलेले परागकण, किंबहुना फुलदाणीतील पाणीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते. आरंभी उलट्या व लाळ दिसते आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. ह्या विषावर उतारा ज्ञात नाही. काही तासांतच शिरेवाटे सलाइन सुरू झाले, तर मात्र मांजर वाचण्याची आशा असते. कुत्र्यांना सायकसपासून, विशेषतः त्याच्या बियांपासून, यकृताचा गंभीर विकार जडतो. कण्हेर व कलांचो हृदयास बाधक आहेत. मनीप्लांट, डिफेनबेकिया आणि पीस लिली ह्यांच्यामुळे तोंडाची आग होते.

लाल पानांचे पॉइन्सेटिया उगाच बदनाम झाले आहे. मूळच्या मेक्सिकोतील ह्या झाडाच्या चिकामुळे लाळ वा एखादी उलटी होऊ शकते. पण ते प्राणघातक नाही.

मग द्यावे तरी काय? नाताळच्या सुमारास फुलणारे, मूळ ब्राझीलमधील ख्रिसमस कॅक्टस निर्धोक आहे. फॅलेनॉप्सिस ऑर्किड, आफ्रिकन व्हायोलेट, अरेका पाम, बोस्टन फर्न व स्पायडर प्लांट हीदेखील विषारी नाहीत.  गुच्छ द्यायचा असल्यास लिलीऐवजी गुलाब, जरबेरा किंवा निशिगंध घ्यावा. तथापि कोणतेही पान अधिक खाल्ल्यास पोट बिघडू शकते, हे ध्यानात असू द्यावे.

मांजराने लिली चाटल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट पाहू नये, घरगुती उपायांनी उलटी करवू नये. झाडाचे पान सोबत घेऊन तत्काळ जवळच्या पशुवैद्याकडे जावे. ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून परिचित असलेले परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय भिवंडीहून बरेच दूर आहे. म्हणून जवळच्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक सणापूर्वीच लिहून ठेवावा. भेट देणाऱ्यानेही कुंडीवर झाडाच्या नावाची चिठ्ठी अवश्य लावावी. प्रसंग ओढवलाच, तर त्या नावावरून पशुवैद्यास उपचारांची दिशा लगेच ठरवता येते.